एकच परवाना, दोन कामं: .32 रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल? (मदत हवी आहे, नाशिक)

मळेवाला

नमस्कार मंडळी,

शस्त्र परवाना गेल्या महिन्यात हातात पडला. अर्ज, पोलीस पडताळणी, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि आयुक्तालयाच्या फेऱ्या धरून जवळपास वर्ष गेलं. आता दिलेल्या मुदतीत हत्यार घेऊन ते तपासणीला दाखवायचं आहे आणि नेमका इथेच माझा निर्णय होत नाहीये.

आधी माझी गरज सांगतो. राहायला मखमलाबादला, द्राक्षाचा मळा पिंपळगाव बसवंतच्या पुढे. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, दर शनिवारी मजुरांचे पगार रोखीत करावे लागतात. व्यापाऱ्याचे पैसेही कधी कधी रोखीत येतात. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास घरी परतताना दोन मोटरसायकली मळ्याच्या फाट्यापासून माझ्या मागे लागल्या. मी हळू झालो की त्या हळू, मी वेग घेतला की त्यांचाही वेग. टोलनाक्याच्या उजेडात गाडी उभी केली तेव्हा त्या सरळ पुढे निघून गेल्या. घडलं काहीच नाही, पण शेजारच्या सीटवर पगाराची पिशवी होती आणि मागे बायको बसली होती. ती रात्र डोक्यातून जात नाही.

दुसरं कारण मुलीचं. ती चौदा वर्षांची आहे, दीड वर्षापासून 10 मीटर एअर पिस्तूल शिकते. स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतलं, त्यानंतर तिने हट्टच धरला. तो काही वर्षं नाशिकलाच सराव करत होता, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिला सोडायला जाता जाता मीही मागच्या बाकावर तास-तास बसू लागलो. दहा मीटरवरच्या त्या कागदावर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पोर श्वास रोखून उभी राहते आणि गोळी त्या बटणात जाते. आपणही हे नीट शिकावं, असं मनापासून वाटायला लागलं आहे.

तर एकाच हत्याराने दोन्ही व्हावं अशी माझी इच्छा. अंगावर कपड्याआड नीट बसावं आणि रविवारी रेंजवर सरावही करता यावा. दोन वेगळी घेता येत नाहीत, कारण वडिलांची बारा बोअर दुनळी वारसाने माझ्या नावावर आहे आणि शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. दुनळी मी देणार नाही. आजोबांनी घेतलेली आहे. म्हणजे छोटं हत्यार एकच, आणि चुकलं तर बदलायला पुन्हा सगळे सोपस्कार.

9 मिमी आणि .38 प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) येतात, साध्या परवान्यावर मिळत नाहीत, त्यामुळे तो विषयच नाही. समोर .32 आहे. दुकानात जाऊन हे पाहिलं:

पहिलं, कानपूरचं .32 रिव्हॉल्व्हर, जुन्या पद्धतीचं. वरची कडी दाबली की नळी खाली मोडते आणि मधली चांदणी सहाही पुंगळ्या एकदम वर उचलते. दुकानदाराने तेलकट कागदातून काढून हातात दिलं तेव्हा मूठ हाताला लगेच ओळखीची वाटली. त्याच जातीचं हलकं म्हणजे निर्भीक, 2014 मध्ये आलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण 500 ग्रॅम.

दुसरं, प्रबळ. 2023 मध्ये आलं. यात नळी मोडत नाही, गोळ्या ठेवायची चकरी बाजूला उघडते. नळी 76 मिमी, एकूण लांबी 177.6 मिमी, वजन गोळ्यांशिवाय 700 ग्रॅम. चाप आधीच्यापेक्षा मऊ वाटला.

तिसरं, अशनी पिस्तूल. चपटं, गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये. शर्टाखाली हे सगळ्यात कमी दिसतं यात शंका नाही. पण इथे माझी खरी अडचण आहे. पंचवीस वर्षं छाटणीची कात्री चालवून उजव्या अंगठ्याचा सांधा गेलेला आहे. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढताना पकड सुटते. दुकानात तीनदा प्रयत्न केला, दोनदा अर्ध्यातच राहिली. दुकानदार म्हणाला, सवयीने जमेल. मला तेवढी खात्री वाटत नाही.

जीएसटी 28 वरून 40 टक्के झाल्यापासून किंमत तशीही अंगावर येते, त्यामुळे एकदाच आणि योग्य घ्यायचं आहे. माझे प्रश्न:

पिस्तुलाची स्लाइड खरंच सवयीने जमते का, ज्यांचे हात शेतीत गेलेत त्यांनी सांगा. निर्भीकचं हलकेपण गोळी सुटतानाच्या झटक्यात किती महागात पडतं? आणि 76 मिमी नळीच्या रिव्हॉल्व्हरने 25 मीटरवर मनासारखा सराव होतो का, की ती अपेक्षाच चुकीची?

---

निवृत्त_तोफखाना

मळेवाले भाऊ, तुम्ही अंगठ्याची गोष्ट तिसऱ्या नंबरवर लिहिली, ती पहिली हवी होती. तुमचा निर्णय तिथेच झाला आहे. दुकानाच्या उजेडात, शांत मनाने जी स्लाइड तीनपैकी दोनदा अडते, ती रात्री आठला हायवेवर घामेजल्या हाताने ओढली जाणार नाही. पिस्तूल घेणारे काही जण मग गोळी नळीत चढवूनच कमरेला लावतात. नव्या माणसाने ते करू नये. माझा स्पष्ट सल्ला रिव्हॉल्व्हरचा. काडतूस फुसकं निघालं तरी पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं. पिस्तुलात अडकलेली पुंगळी काढायला त्याच अंगठ्याची ताकद लागते.

रिव्हॉल्व्हरची आणि पिस्तुलाची .32 काडतुसं वेगवेगळी असतात, एकमेकांत चालत नाहीत. दुकानदाराला नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका, डब्यावरचं वाचून घ्या. खडकीच्या कारखान्याची असतील तर पुंगळीच्या बुडावर केएफचा शिक्का दिसेल.

हलकेपणाबद्दल: .32 चा झटका तसा सौम्य असतो, 500 ग्रॅममध्येही हात तुटत नाही. पण पन्नास गोळ्यांनंतर हलकं हत्यार हातात नाचतं आणि तुमचा तर सांधा दुखरा. 700 ग्रॅमचं दिवसभर कमरेला जाणवेल, पण झाडताना स्थिर राहील. मी असतो तर प्रबळ आणि मोडणारं जुनं, दोन्ही पुन्हा हातात घेऊन घोडा (मागची हातोडी) न चढवता, नुसता चाप पूर्ण ओढून पाहिला असता. दुकानदाराला विचारून, चकरी रिकामी आहे हे दोघांनी डोळ्यांनी बघून. दहा वेळा ओढा. दहाव्या वेळी पुढचं टोक हललं नाही ते घ्या.

आता कपड्याआडचं. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी छोटं हत्यार होल्स्टरमध्ये (पट्ट्याला लावायच्या म्यानात), पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. ते दाखवणं हाच गुन्हा. गाडीत सीटबेल्ट लावल्यावर उजव्या कमरेचं होल्स्टर बेल्टच्या खाचेत अडकतं, म्हणून आधी रिकाम्या होल्स्टरने आठवडाभर गाडी चालवून बघा. सीटवर किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून देणं म्हणजे ताबा नव्हे. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर सापुताऱ्याच्या बाजूला माल घेऊन जाताना हद्दीआधी विचार करा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जमा करण्याचा आदेश येऊ शकतो आणि निवडणूक नेमकी तुमच्या हंगामातही येऊ शकते. त्या आठवड्यांत काय करणार, हे आत्ताच ठरवा. शक्य तेवढे पगार बँकेतून करा. पगाराची पिशवी जितकी हलकी, तितकी त्या हत्याराची गरज कमी.

स्वसंरक्षणाची कलमं एकदा वाचून काढा. भारतीय न्याय संहितेत ती 34 ते 44 आहेत. मागे मोटरसायकल लागली म्हणून गोळी झाडता येत नाही. त्या रात्री तुम्ही टोलनाक्याच्या उजेडात थांबलात, तेच बरोबर होतं. हत्यार आल्यावरही तेच करा.

---

दहा_मीटर

काका, मी 25 मीटर पिस्तूल खेळते, म्हणून फक्त रेंजबद्दल लिहिते.

छोट्या नळीच्या रिव्हॉल्व्हरने रेंजचा नाद पुरा होणार नाही. नेम धरायची पुढची आणि मागची खूण जवळजवळ असतात, त्यामुळे हात केसभर हलला तरी 25 मीटरवर गोळी कुठल्या कुठे जाते, आणि बहुतेक छोट्या रिव्हॉल्व्हरच्या खुणा हलवून जुळवताही येत नाहीत. खेळाची पिस्तुलं वेगळीच असतात. मूठ हाताच्या मापाने घासलेली, खुणा फिरवून जुळवता येतात, 10 मीटरच्या पिस्तुलाचा चाप 500 ग्रॅमवर सुटतो. ते कमरेला लावायचं हत्यारच नाही. एका हत्यारात दोन्ही शोधाल तर दोन्हीकडे मन मारावं लागेल.

पण तुम्हाला दोन बंदुकांची मर्यादा आडवी येते असं वाटतंय, ती इथे येतच नाही. .177 चं, 20 ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल शस्त्र परवान्यात धरत नाहीत. मुलीबरोबर तेच शिका. छर्रे स्वस्त असतात, .32 ची काडतुसं महाग आणि परवान्यावर एका वेळी किती, वर्षाला किती हे लिहिलेलं. चाप सरळ मागे घेणं, खूण स्पष्ट दिसणं, गोळी सुटल्यावरही हात तसाच राहणं, हे सगळं एअर पिस्तुलावर येतं आणि पुढे रिव्हॉल्व्हरलाही कामी येतं.

.32 रेंजवर न्यायचं असेल तर आधी क्लबला आणि परवाना शाखेला विचारा. बऱ्याच रेंज फक्त एअरच्या असतात, तिथली भिंत .32 साठी बांधलेली नसते. आणि कृपा करून मळ्यात डबा टांगून सराव करू नका. गोळी डब्यातून पलीकडे जाते आणि द्राक्षाच्या ओळीत कुठे कोण बाई वाकून थिनिंग (मण्यांची विरळणी) करतेय, हे तुम्हाला दिसत नाही.

---

मळेवाला

दोघांचे मनापासून आभार. मळ्यात डब्यावर सराव करायचं माझ्या डोक्यात होतं, हे कबूल करतो. गेल्या हंगामात चाळीस बायका त्याच ओळींत होत्या. ते वाचून हात थंड पडले.

काल पुन्हा दुकानात गेलो. तोफखानावाल्या साहेबांनी सांगितलं तसं, आधी रिकामं बघून, दहा वेळा चाप ओढला. निर्भीकचं टोक सातव्यालाच डोलायला लागलं. मोडणारं जुनं रिव्हॉल्व्हर आठव्यापर्यंत. प्रबळ दहाही वेळा जवळपास स्थिर राहिलं आणि चकरी उघडायला माझा अंगठा दुखला नाही. तेच सांगून आलो. पिस्तुलाचा विषय सोडला.

आणि रविवारी मुलीच्या शेजारच्या लेनवर उभा राहिलो, क्लबचं एअर पिस्तूल घेऊन. तिने आधी नळीत नारिंगी रंगाची सेफ्टीची दोरी कशी घालायची ते दाखवलं, मगच मला मूठ धरू दिली. पहिल्या दहा गोळ्यांत एकही काळ्या वर्तुळात नव्हती. तिने कागद घडी घालून आपल्या वहीत ठेवला.

हत्यार ठेवायची सोय झाली आहे, भिंतीत गाडलेली लोखंडी तिजोरी घेतली, काडतुसांसाठी वेगळी छोटी पेटी, किल्ल्या माझ्याकडेच. मजुरांपैकी निम्मे लोक पगार बँकेतून घ्यायला तयार झालेत, बाकीच्यांची खाती या महिन्यात काढून देतोय.

एकच राहिलं. मी सीटबेल्टमुळे होल्स्टर डाव्या बाजूला, मूठ पुढे करून लावायचा विचार करतोय. चामड्याचं, चाप पूर्ण झाकणारं, प्रबळच्या मापाचं कुणी नाशिकमध्ये शिवून देतं का? मोच्याला नेऊन दाखवायला रिव्हॉल्व्हर न्यायचं नाहीये, त्यामुळे फक्त मापावरून शिवणारा कारागीर हवा.