उपवासकाळात खरंच काय बदललं? तुमचे अनुभव लिहा

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांस सोडलं, गोड सोडलं हे आपलं दरवर्षीचंच, ईस्टर झाला की गाडी परत मूळ पदावर. पण पश्चात्ताप म्हणून काही आतून हललंय का कधी? फसलेलंही लिहा, उलट तेच आधी लिहा. सुरुवात माझ्यापासून. 2024 ला राखेचा बुधवार, म्हणजे कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू होतो तो दिवस, नेमका 14 फेब्रुवारीला, व्हॅलेंटाईन डेला होता. सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) करून तसाच ऑफिसात गेलो, तिथे सगळे लाल कपड्यांत. कुणीतरी म्हणालं, अरे कपाळाला काय लागलंय, आणि मी चटकन रुमाल काढून पुसलं. वर स्वतःला समजावलं की त्या दिवसाच्या शुभवर्तमानातच (बायबलच्या वाचनातच) आहे ना, उपवास लोकांना दाखवू नका म्हणून! खरं कारण लाज होती. रुमालावरचा तो करडा डाग दिवसभर खिशात टोचत राहिला.

---

मी नऊ वर्षांनी कन्फेशनला (फादरपुढे पापं कबूल करायला) गेले. रांगेत मागच्यांना "तुम्ही व्हा पुढे" करत तिघांना सोडलं. आत गेल्यावर पश्चात्तापाची प्रार्थनाच आठवेना, फादर एकेक ओळ सांगत गेले आणि मी मागून म्हणत गेले, पहिल्यांदा कम्युनियन (पवित्र भाकर) घेणाऱ्या लहान मुलीसारखी. इतकी वर्षं कुठे होतीस, हे त्यांनी विचारलंच नाही. प्रायश्चित्त काय दिलं तर बायबलमधलं पश्चात्तापाचं स्तोत्र 51, एकदा वाच. मी म्हटलं, बस एवढंच? तर म्हणाले, सावकाश वाच. खरं सांगते, अर्ध्यावरच थांबावं लागलं.

---

माझं वय 61. उपवासाचा नियम 18 ते 59 पर्यंतचा, म्हणजे मला सूट आहे, पण हट्टाने करायचे आणि दुपारपर्यंत घरात कुणाची खैर नसायची. शेवटी सूनबाई म्हणाली, आई, उपवास तुमचा आणि शिक्षा आम्हाला. लागलं मनाला. त्या वर्षी टोमणे सोडले, चुकलं की कॅलेंडरवर फुली. पहिल्याच आठवड्यात 11 फुल्या. चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत ना, तर मुलगा विचारतो, मग रविवारी टोमणे चालतात का? 😄

---

वरच्या काकूंच्या फुल्या वाचून धीर आला म्हणून लिहितोय. दारू सोडायची ठरवून सहाव्या दिवशी प्यायलो. मग वाटलं गेलंच आता सगळं, आता ईस्टरपर्यंत कशाला नाटक. शुक्रवारी बायकोने ओढतच क्रूसाच्या वाटेला (येशूच्या दुःखसहनाच्या टप्प्यांची प्रार्थना) नेलं. 14 स्थानं लहानपणापासून पाठ आहेत, पण त्यात येशू तीनदा पडतो, तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानाला, हे त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं. दुसऱ्या दिवशी परत पहिला दिवस धरला. नंतर एकदा अजून पडलो. आता दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपला जातो, आठ महिने झालेत.

---

माझं अर्धवटच आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, हे बायबलमधलं, मत्तयाच्या शुभवर्तमानातलं मी स्वतः वाचन म्हणून कितीदा वाचलंय, चांगल्या आवाजात. सख्ख्या भावाशी सहा वर्षं बोलणं नाही, जमिनीवरून, आणि चूक माझी जास्त. यंदा मेसेज लिहिला, त्यात पहिल्यांदा "पण तूही" होतं, ते खोडलं, परत घातलं, परत खोडलं आणि पाठवला. निळ्या टिका आल्यात. चार दिवस झाले.

---

दादा, फोन करा.