नॉर्थ कॅरोलायनाच्या पोरी इतक्या जिंकतात कशा?

कुडाळचो_मामा
मंडळी, भाची बारावीला आहे, फुटबॉलचं वेड. आतापर्यंत वाडीतल्या पोरांबरोबरच खेळत आली कारण मुलींची टीम इथे होतेच कुठे. सध्या तिच्या डोक्यात एकच, अमेरिकेतल्या चॅपल हिलची नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी. मिया हॅम तिथलीच, क्रिस्टीन लिली तिथलीच, टोबिन हीथ तिथलीच, परवा म्हणते आर्सेनलची अलेसिया रुसो पण तिथेच शिकली. एका कॉलेजातून एवढ्या मोठ्या खेळाडू कशा काय निघतात? पैसा, कोच की अजून काही? आणि इथे राहून हिनं कॉलेज करत खेळायचं तर कसं?

जांभ्यावरचा_बॅक
पैसा आहेच पण त्याआधी कायदा. 1972 ला अमेरिकेत टायटल नाइन आला, सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजात मुलगा-मुलगी भेद चालणार नाही, खेळातसुद्धा. त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलात पोरांची केवढी भरती, मग तोल सांभाळायला मुलींच्या टीम काढणं आलंच, आणि सॉकरमध्ये, म्हणजे आपल्या फुटबॉलमध्ये, एकदम बऱ्याच मुली बसतात. चॅपल हिलनं 1979 लाच टीम काढली, अॅन्सन डोरन्स कोच, बाकीचे बरेच तेव्हा झोपेत होते. एनसीएएची, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या संस्थेची, मुलींची पहिली स्पर्धा 1982 ची, ती यांचीच, आणि 2024 धरून 22 झाल्या. सुरुवातीला टक्कर द्यायला होतं कोण हेही धरा, म्हणजे आकडा बघून डोळे फिरायला नकोत. पण 2012 नंतर थेट 2024, मधे अकरा वर्षं कोरडी, कारण तोवर बाकीच्या कॉलेजांनीही हात धुवून घेतले. इंग्लंडच्या पोरी जायच्या त्याचं कारण साधं, लुसी ब्रॉन्झ 2009 ला तिथे खेळली तेव्हा इंग्लंडची मुलींची लीग, डब्ल्यूएसएल, सुरूच झाली नव्हती, ती 2011 ची.

पीटीच्या_बाई
कायद्यानं टीम निघते, जिंकत नाही हो. डोरन्सची खरी गंमत प्रॅक्टिसमध्ये. एकास एक, शूटिंग, धावणं, सगळ्याची रोज नोंद, कोण जिंकली कोण हरली, आणि नंबर लावून सगळ्यांना दिसेल असा कागद. ही पद्धत त्यानं तिथल्याच बास्केटबॉलच्या डीन स्मिथकडून उचलली. मैत्रिणीला हरवायला संकोच वाटायचा नाही हे शिकवणं सगळ्यात अवघड, आपल्या मुली तर बॉल काढून घेतला की आधी सॉरी म्हणतात! मी शाळेत नोंद ठेवते पण कागद भिंतीवर लावत नाही, शेवटच्या नंबरवालीच्या आईला रोज कोण तोंड देणार.
आणि नुसतं कौतुक नको. 1998 ला दोन माजी खेळाडूंनी याच कोचवर छळाचा खटला भरला होता, त्यानं आरोप नाकारले, पण 2008 ला शेवटची तडजोड झाली तेव्हा मुलींशी त्यांच्या खाजगी आयुष्यावर बोलण्याबद्दल माफी मागावी लागली. भाचीला हेही सांगा, कोच कितीही मोठा असला तरी.

वायंगणी_वांगडी
भाचीक आमच्या भाताच्या कुणग्यात धाड रे. कापणी झाली आणि कोणी वायंगण (दुसरा भात) केल्यान नाय तर मे म्हयन्यापर्यंत मैदान मोकळाच आसता. पावसात मात्र थंय म्हशींची प्रॅक्टिस.

लोकलने_जाणारी
मामा, कुडाळ काय रत्नागिरी काय, आपली बहुतेक कॉलेजं मुंबई युनिव्हर्सिटीखालीच येतात, म्हणजे रस्ता तोच, आंतरमहाविद्यालयीन, तिथून युनिव्हर्सिटीची टीम, मग वेस्ट झोनची आंतरविद्यापीठ स्पर्धा. अॅडमिशनआधी जिमखान्याच्या सरांना तोंडावर विचारा की मुलींची एंट्री पाठवता का, आणि कॉलेजची पूर्ण टीम होत नसेल तर एकटीला ट्रायलला पाठवणार का. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा. टीम असलेलं कॉलेज मुंबईत मिळेल पण हॉस्टेलचा खर्च आधी जुळवा.

कुडाळचो_मामा
धन्यवाद सगळ्यांना. बाई, खटल्याचं तिला सांगितलं, तिला आधीच माहीत होतं 😅 सोमवारी जिमखान्यात जातोय. कुणगो खंय तो पण सांगा, बस जाता काय थंय?