एकत्र आल्या म्हणून स्वस्त होत नाही

सिनेमा-सिरीज दाखवणाऱ्या कंपन्या एकत्र आल्या की सगळं एकाच ॲपवर मिळेल आणि स्वस्तही पडेल असं काही जण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. डिस्नेने २०१९ मध्ये फॉक्सचा मोठा भाग घेतला, वॉर्नर आणि डिस्कव्हरी २०२२ मध्ये एक झाल्या, मग आपल्याला काय स्वस्त मिळालं? उलट त्याच वर्षी वॉर्नर-डिस्कव्हरीने शूटिंग झालेला एक अख्खा सिनेमा रिलीज न करता डब्यात घातला आणि स्वतःच्याच काही सिरीज ॲपवरून उडवल्या, म्हणजे आपण पैसे भरतो ते नक्की कशाचे तेच कळेना. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये ट्विट केलेलं की प्रेम म्हणजे पासवर्ड शेअर करणं, आणि २०२३ मध्ये त्याच शेअरिंगवर जादा पैसे लावले, हे मला सगळ्यात जास्त लागलं. दरवाढ एकवेळ समजू शकतो हो, पण आईची सिरीज अर्धी बघून झालेली असताना एका ॲपवरून न सांगता गायब झाली, तिला काय सांगणार? तेव्हापासून ऑटो-रिन्यू बंदच ठेवलंय, बघायचं असेल तेव्हा एक महिना घेतो आणि सोडून देतो.