मदत हवी आहे: रोजच्या स्विफ्टचं सस्पेन्शन, काय बदलू आणि काय नको?

गाडी २०१८ची स्विफ्ट व्हीएक्सआय, रनिंग पाऊण लाखाच्या पुढे. रोज सिंहगड रोड ते हिंजवडी आणि पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंधा. सरळ रस्त्यावर तक्रार नाही. पण घाटात लागोपाठ वळणं आली की गाडी एका बाजूला कलते, सावरायला अर्धा क्षण घेते आणि तेवढ्यात पुढचं वळण येतं. खड्ड्यातून गेलं की पुढून डावीकडे बारीक ‘टक’ ऐकू येतं. लिंक रॉड (कलणं रोखणाऱ्या अँटी-रोल बारला चाकाच्या बाजूशी जोडणारा छोटा दांडा) असावा असा माझा अंदाज.

एका गॅरेजवाल्याने थेट कॉइलओव्हरच (गाडीची उंची कमी करता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच) सुचवले. मला ते पटत नाही. आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता गाडी खाली करणं म्हणजे दर चौकात पोट घासणं. शिवाय मागे आई-बाबा बसतात, त्यांच्या कमरेचाही विचार आहे.

माझा बेत असा: आधी चारही शॉक, स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकची वरची रबरी बैठक), लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी सांधे), लिंक रॉड नवे, मग व्हील अलाइनमेंट. त्यानंतर १६५/८० आर१४ टायर काढून १८५/६५ आर१५, म्हणजे रुंद टायर आणि मोठी रिम. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) बुटकी झाल्याने कमी डुलते.

जाणकारांनी सांगा, एवढ्याने फरक जाणवेल का? की मूळ उंचीच्याच थोड्या कडक स्प्रिंगा घ्याव्यात? मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा बीम) आहे, त्याला जादा अँटी-रोल बार लावून ओल्या घाटात मागचं टोक निसटायला लागतं का? कुणी स्वतः लावला असेल तर जरूर लिहा. आरटीओ, इन्शुरन्सवाले काही विचारतात का, तेही. पुण्यात नीट काम करणारं गॅरेज आणि मजुरीचा अंदाज मिळाला तर फारच बरं.