कुत्र्याच्या भाकरीवर मीठ टाकायचं का?

जळगाव_मोत्या: आमच्या मोत्याला कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकर ताकात कुस्करून देतो, आई म्हणते मिठाने केस गळतात, काका म्हणतात उन्हाळ्यात घाम जातो म्हणून टाकायलाच पाहिजे. खरं काय?

भुसावळकर: मिठातलं थोडं सोडियम त्यालाही लागतं, पण कळण्याच्या पिठात दळतानाच मीठ असतं ना, वरून कशाला? आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकतो तो, त्याला सावली आणि भरपूर पाणी द्या.

चोपडा_शेतकरी: भरीतही देऊ नका दादा, त्यातली कांद्याची पात न् लसूण मिठाहून वाईट, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि काही नको ते खाल्लं म्हणून उलटी करवायला मिठाचं पाणी तर अजिबात पाजू नका, वजनाच्या किलोमागे 2 ग्रॅम मीठही विषारी ठरू शकतं, झटके येतात.