घरी भाजलेल्या भोपळ्याच्या बिया वातड होतात, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

लाल भोपळा चिरला की आतल्या बिया आजवर टाकूनच द्यायचे. आता त्या भाजून खायचं मनावर घेतलंय, पण तीनदा केल्या आणि तिन्ही वेळा बिघडल्या.

पहिल्यांदा धुतलेल्या बिया ओल्याच कढईत टाकल्या. भाजायच्या ऐवजी वाफवल्या गेल्या. दुसऱ्यांदा मध्यम आचेवर परतल्या. दहा मिनिटांत टरफल तपकिरी, वास खमंग, पण बी फोडली तर आतला हिरवा गर कच्चट. काल अगदी मंद आचेवर पाऊण तास उभी होते. गर छान भाजला, टरफल मात्र चावून चावून चोथा होतं आणि गिळवत नाही. वरून भुरभुरलेलं मीठही बियांना लागत नाही, सगळं कढईच्या तळाशी.

टरफल आधी काढायचं असतं का? प्रयत्न केला, पण कच्ची बी बुळबुळीत, बोटांतून सटकते, आणि टरफल निघालंच तर गराचा तुकडा घेऊन निघतं. कुणी नेहमी करत असेल तर कृपया नीट सांगा. एवढ्या चांगल्या बिया फेकायला जीव होत नाही.

प्रतिसाद
सोलू नका, आधी उकळा. वाटीभर बियांना चार वाट्या पाणी, दोन चमचे मीठ, दहा मिनिटं. टरफल नरम पडतं आणि मीठ आतपर्यंत मुरतं, वरून घालावं लागत नाही. मग चाळणीत निथळून ताटात एकेरी थरात पसरा. फडक्यावर किंवा कागदावर नको, चिकटून बसतात. रात्रभर वाळल्या की चमचाभर तेल चोळून ओव्हनमध्ये १६० अंशांवर ठेवा, मधूनमधून हलवा. वीस मिनिटांनंतर दर थोड्या वेळाने एक बी फोडून बघा. गर किंचित सोनेरी दिसला की लगेच काढा, गरम ताटात त्या आणखी भाजत राहतात. कढईतही होतं, फक्त हात थांबवायचा नाही.

आणि गरम असताना चावून ठरवू नका. कुरकुरीतपणा गार झाल्यावरच येतो.

प्रतिसाद
वरचं सगळं बरोबर. पण भोपळा मोठा, जून असेल तर टरफल जाडच असतं, ते कितीही उकळलं तरी थोडं चिवट राहणार. अशा बिया भाजून, दातांनी फोडून गर तेवढा खावा. काही जातींच्या बियांना कडक टरफल नसतंच. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया भागात तेलासाठी लावतात तो भोपळा तसाच.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार! माझा भोपळा चांगला जून होता, बिया अंगठ्याच्या नखापेक्षा मोठ्या. आज उकळून ताटात पसरल्यात, उद्या भाजेन. एकच विचारायचं राहिलं: बरणीत किती दिवस टिकतात?

प्रतिसाद
पूर्ण गार करूनच भरा, नाहीतर बरणीत घाम धरून मऊ पडतात. तेलकट बी आहे, उष्णतेने खवट होते. आठ-दहा दिवसांत संपतील एवढ्याच भाजा.