मदत हवी आहे: मागचे वीस-पंचवीस भाग न बघता समजेल असा सुपरहिरो पिक्चर कोणता?

इंदिरानगरकर

मंडळी, मे महिना, घर भरलंय. मुलगा तेरा वर्षांचा, पुण्याहून आलेली भाची पंधराची, आणि बाबा. बाबा नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त. ऐकू थोडं कमी येतं, मतं मात्र खणखणीत. दुपारी ऊन असं की गच्चीवर टाकलेले पापड तासाभरात कडकडीत. त्यामुळे पोरांचं फर्मान निघालंय: रोज दुपारी घरी एक पिक्चर, सुपरहिरो नाहीतर मारधाड. निवड माझ्या गळ्यात.

माझी पात्रता सांगतो. लहानपणी रविवारी दुपारी 'शक्तिमान', मग २००६ चा 'क्रिश', संपलं. २०१९ मध्ये ऑफिसातल्या पोरांनी 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'ला ओढून नेलं. तीन तास. सगळं थेटर रडतंय आणि मी शेजारच्याला विचारतोय, "हा कोण? हा मेला का? मग तो कोण होता?" नंतर कळलं की तो त्या मालिकेतला बाविसावा पिक्चर. म्हणजे पहिलीपासून शाळा बुडवून मी थेट बारावीच्या बोर्डाला बसलो होतो.

२०२४ मध्ये पोराला 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ची तिकिटं काढली. लाल कपडे, तोंडावर मुखवटा, म्हटलं स्पायडरमॅनचा चुलतभाऊ असेल. दारावरच्या माणसाने पोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, 'ए' सर्टिफिकेट आहे." चूक माझीच. पैसे गेले, वर पोराच्या समाधानासाठी पावभाजी.

तर सांगा: अलीकडचं असं काय आहे जे एकटंच बघितलं तरी कळेल? बाबांना सबटायटल वाचवत नाहीत, त्यामुळे हिंदीत हवं. आणि पोरं झोपल्यावर मी आणि बायको बघू शकू असा एखादा जोरदार अ‍ॅक्शन थ्रिलरही सुचवा.

गोदाकाठ

दादा, 'सुपरमॅन' (२०२५, जेम्स गन) लावा. ग्रह फुटला, पाळण्यातलं बाळ पृथ्वीवर पडलं, हे पुराण त्यात पुन्हा सांगत बसलेले नाहीत. तो तीन वर्षांपासून लोकांना माहीत असलेला हिरो आहे, तिथूनच सुरुवात. पहिल्याच दृश्यात मार खाऊन बर्फात पडलेला सुपरमॅन शीळ घालतो, कुत्रा येतो आणि त्याला ओढत घरी नेतो. मला हाच सुपरमॅन आवडला. हरतो, चिडतो, बायकोसारख्या भांडणाऱ्या मैत्रिणीपुढे निरुत्तर होतो. दोन तास नऊ मिनिटांत आटोपतो. एक गोळी झाडण्याचा प्रसंग सुन्न करतो, तेव्हा पोरांजवळ बसा. बाबांपुढे अवघडायला होईल अशी काळजी असेल तर आपल्या सेन्सॉरने ती आधीच घेतली होती, थेटरात लावताना चुंबनाची तेहतीस सेकंदं कापून. तेव्हा मला राग आला होता. तुमच्या घरी सोय होईल कदाचित.

तुमचा 'अ‍ॅव्हेंजर्स' ज्यांचा, त्या मार्व्हलमधला 'फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स' (२०२५) चालेल. तो वेगळ्याच विश्वात, साठच्या दशकासारख्या दिसणाऱ्या न्यूयॉर्कमध्ये घडतो, मागचं काही लागत नाही. दिसायला देखणा, पण खलनायक नुसताच उंच. 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' मात्र टाळा. त्याला २००८ च्या 'द इन्क्रेडिबल हल्क'चा धडा लागतो, शिवाय २०२१ च्या 'इटर्नल्स'मधलं अर्धवट राहिलेलं प्रकरणही. 'थंडरबोल्ट्स' त्या मानाने फार चांगला, मनातल्या पोकळीबद्दल बोलणारा, पण पात्रं जवळजवळ सगळी आधीच्या पिक्चर-मालिकांमधून आलेली. भाचीला विचारा, तिचा अभ्यास झाला असेल.

सिडकोची पोर

हॉलिवूड हॉलिवूड काय लावलंय! 'लोका: चॅप्टर वन' (२०२५) बघा, मल्याळम आहे, हिंदीत डब झालाय. कल्याणी प्रियदर्शन सुपरहिरो, आणि तिची शक्ती कुठल्या प्रयोगशाळेतून नाही तर केरळातल्या नीली नावाच्या यक्षिणीच्या दंतकथेतून आलेली. थोडं रक्त आहे, थोडी भीती. तेरा वर्षांच्या पोराला चालेल असं मला वाटतं, पण आधी तुम्ही एकदा बघा.

आणि 'मिन्नल मुरली' (२०२१, नेटफ्लिक्स) सोडूच नका. नव्वदच्या दशकातलं खेडं, एका शिंप्यावर वीज पडते आणि त्याला शक्ती मिळते. त्याच रात्री आणखी एकावर पडते, आणि सगळा पिक्चर या 'आणखी एका'मुळे उभा राहतो. खलनायकासाठी मी रडले. मिनिटाला शंभर इमारती पाडूनही हे जमत नाही लोकांना.

मळ्यातली मिसळ

बाबांसाठी 'हनु-मान' (२०२४, प्रशांत वर्मा). गावाचं नाव अंजनाद्री. आमचे आजोबा "अंजनेरी चुकीची लिहिली" म्हणून पंधरा मिनिटं भांडत होते, म्हणजे आपली नाशिकजवळची, हनुमानाचं जन्मस्थळ मानतात ती. (जन्मस्थळाचा वाद इथे नको, २०२२ मध्ये नाशकात झाला तेवढा पुरे.)

जुना प्रेक्षक

अंजनेरीचा विषय निघालाच आहे म्हणून. त्र्यंबकच्या फाळक्यांनी १९१७ मध्ये 'लंका दहन'मध्ये हनुमान पडद्यावर उडवला, कॅमेऱ्याच्या करामतीने. त्यात राम आणि सीता दोन्ही एकट्या अण्णा साळुंके यांनी केले. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि नागाशी झुंजली. मूकपट, म्हणजे तुमच्या वडिलांना ऐकू न येण्याचा प्रश्नच मिटला. लोक पांडवलेण्याला जातात, पायथ्याच्या फाळके स्मारकाकडे बघतही नाहीत.

गोदाकाठ

काका, प्रश्न अलीकडच्या पिक्चरचा आहे! पण मुद्दा मान्य.

राहिला रात्रीचा थ्रिलर. 'किल' (२०२४) बघा. धावती ट्रेन, चाळीसेक दरोडेखोर आणि दोन कमांडो. हिंदीत इतकी जवळून, इतकी अडचणीच्या जागेतली मारामारी मी आधी बघितली नव्हती. पण 'ए' आहे आणि तो 'ए' कमावलेला आहे, बायकोला आधी सांगून ठेवा. 'धुरंधर' (२०२५) सुद्धा 'ए', वर साडेतीन तासांचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी रविवार हवा. पोरांसोबत बघायला 'मिशन इम्पॉसिबल'चा शेवटचा (२०२५) आहे. त्यातला पहिला तास नुसत्या मीटिंगा, तेवढ्यात पन्हं करून घ्या. नंतर टॉम क्रूझ विमानाला लोंबकळतो तेव्हा सगळे बसा.

आणि सर्टिफिकेटचं एक: २०२४ च्या शेवटापासून 'यूए'चे तीन तुकडे झालेत, ७+, १३+ आणि १६+. त्या आकड्याखालच्या पोराने बघावं का, हे आईबापांनी ठरवायचं. 'ए'ला मात्र थेटरात अठराखालच्यांना प्रवेशच नाही, बाप सोबत असला तरी.

सिडकोची पोर

मराठीचं कुणीच नाव घेतलं नाही? श्रेयस तळपदेचा 'बाजी' (२०१५), कोकणातला मुखवटावाला. पिक्चर तसा ठीकठाक, पण हिंमत बघा. आणि २०२३ चा अ‍ॅनिमेशनमधला स्पायडरमॅन, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', आपल्याकडे दहा भाषांत आला होता, त्यात मराठीही होती. त्यातला पवित्र प्रभाकर नावाचा देशी स्पायडरमॅन चहावरून ज्या पद्धतीने सुनावतो ना, "चाय टी" म्हणणाऱ्याला... बाबांना नक्की पटेल.

इंदिरानगरकर

दहा दिवसांनी हिशोब द्यायला आलोय.

'सुपरमॅन' पास. बाबांना सुपरमॅनपेक्षा कुत्रा आवडला. तो खरा नाही, काँप्युटरवर काढलेला आहे हे सांगितल्यावर अर्धा तास विश्वास ठेवायला तयार नव्हते. मग भाचीने शोधून काढलं की दिग्दर्शकाच्या घरच्या ओझू नावाच्या वांड कुत्र्यावरून तो बेतलाय, तेव्हा कुठे शांत झाले. 'फँटास्टिक फोर'ला मी झोपलो, पोरं म्हणतात छान होता. 'हनु-मान'चा आवाज बाबांनी इतका वाढवला की मध्यंतरानंतर शेजारच्या काकू येऊन बसल्या, शेवटपर्यंत हलल्या नाहीत. 'मिन्नल मुरली' संपल्यावर पोरगा गप्प होता. रात्री विचारत होता, "बाबा, त्याला लोकांनी आधी नीट वागवलं असतं तर?" मला उत्तर सुचलं नाही.

'किल' आम्ही दोघांनी बघितला. म्हणजे बायकोने बघितला, मी निम्मा वेळ उशी बघितली. परवा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, खिडकीची जागा मिळाली होती, लक्ष मात्र कल्याणपर्यंत डब्याच्या दाराकडे.

आता नवीन मदत हवी आहे. जुना प्रेक्षक काकांचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हापासून रोज विचारतात, "फाळक्यांचा तो कृष्ण कधी लावतोस?" कुठे बघायला मिळतो तो?